निशाणरावांची शीव

वैशाख शुद्ध दशमीची सकाळ मोरधार किल्ल्यावर उजाडली ती वाऱ्यावाचून. खाली खोऱ्यात धुरकट उजेड पसरत होता, कडवे घाटाच्या डोंगराआडून तांबडे फुटत होते, महादरवाजावरचे पहारे बदलत होते आणि नगारखान्यात नगारची विजयाच्या नौबतीसाठी चामडे तापवीत बसला होता. कारण आज पंधरावा दिवस होता, आणि बावीस गावांच्या तर्फेवर 'निशाणराव' ही पदवी कोणाची राहणार, याचा निवाडा आजच्या सूर्यास्ताआधी व्हायचा होता. किल्ल्यावर सर्वांनी न्हाऊन नवी वस्त्रे काढून ठेवली होती. खेळोजी निशाणरावांची बायको दीपाऊ तेवढी अजून कालच्याच लुगड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर तिचे एकुलते एक मूल, चौदा महिन्यांचा वणगोजी, अर्ध्या घटकेपूर्वी प्राण सोडून शांत पडला होता.

त्याचे जाणे त्या दिवशी एका आईच्या दुःखापुरते का राहिले नाही, हे कळायला या पदवीची हकिकत सांगायला हवी.

तीन पिढ्यांमागे या घराण्याचा मूळ पुरुष, त्याचेही नाव वणगोजीच, पातशाही फौजेत साधा हशम, पायदळातला शिपाई होता. एका वेढ्यात तटाच्या खिंडारावर निशाण धरणारा पडला. निशाण खाली आले असते तर फौज माघारी फिरली असती. वणगोजीने ते उचलले. उजवा हात तुटला तेव्हा त्याने काठी डाव्या हाती घेतली. डावाही गेला तेव्हा काखेत आवळून धरली आणि किल्ला पडेपर्यंत तो तसाच उभा राहिला. पातशहाने प्रसन्न होऊन भर दरबारात त्याला 'निशाणराव' केले, कानवी नदीपासून कडवे घाटापर्यंतची बावीस गावे सनदेने दिली आणि ते रक्ताने माखलेले निशाणही त्याच्याच स्वाधीन केले. घराण्यात अशी आठवण सांगत की, पदवी ऐकून वणगोजी म्हणाला, "मेहेरबानी झाली, पण आता मुजरा कशाने करू?" पातशहा हसला आणि दुसऱ्या कामाला लागला. पदवी देणाऱ्याचे काम असे एका वाक्यात उरकते. ती पेलायला मात्र मागे माणसे लागतात, आणि तीही पिढ्यान् पिढ्या.

खेळोजीच्या आज्याच्या वेळी मोठा दुष्काळ पडला. घाटाखालची पाच गावे ओस झाली, माणसे पोटामागे देशोधडीला लागली. ती संधी साधून शेजारच्या कडवेखोऱ्याच्या देशमुखाने शिवेचे धोंडे उपटून अर्धा कोस अलीकडे, ओढ्याच्या काठी आणून पुरले. चार वर्षांनी माणसे परतली तेव्हा घरे होती तिथेच होती, पण धनी बदलला होता. आता त्या देशमुखाचा नातू रायाजी कारभार पाहत होता, आणि त्याची वेठ अशी होती की गडाच्या बांधकामावर नेलेला गडी पावसाळ्यापूर्वी घरी परतेल याची खात्री कोणी देत नसे. पाचही गावांची माणसे खेळोजीच्या पायांवर येऊन पडली. "निशाण आपल्याकडे आहे, मग आम्ही कोणाच्या सावलीला उभे राहावे?" एवढेच त्यांनी विचारले. खेळोजी अठ्ठावीस वर्षांचा, सरळ मनाचा आणि मानी होता. त्याने सुभेदाराकडे दाद मागितली.

सुभेदाराने दोन्ही तर्फांचे पाटील, देशपांडे आणि बलुतेदार यांची गोतसभा बसवली. कागद दोघांकडेही होते आणि साक्षीदार मरून गेले होते. तेव्हा गोताने ठरवले की दिव्य करावे. दिव्य म्हणजे असे: दावा सांगणाऱ्याने ओल्या वस्त्रानिशी, अनवाणी, गळ्यात निंबाची माळ घालून, मस्तकावर गाईचे ओले कातडे आणि त्यावर वादातल्या जमिनीची माती घेऊन आपल्या म्हणण्याप्रमाणे शीव चालून दाखवायची. मागून लोकांनी खुणा करायच्या. त्यानंतर पंधरा दिवस त्याच्या घरी मरण, आग किंवा सर्पदंश घडला नाही तर तो खरे चालला. घडला तर खोटे. साध्या दुखण्याला दोष नव्हता. रायाजीने एक अट वाढवून घेतली. खेळोजी खोटा ठरला तर गावांबरोबर निशाण आणि पदवीही कडवेखोऱ्याला मिळावी.

चालणाऱ्याने काहीतरी गहाण सांगायचे असते; तो खोटा ठरला तर देवाचा कोप त्या गहाणावर उतरतो, अशी समजूत. लोक बैलजोडी सांगतात, कोणी उभे पीक सांगतो. देशपांडे निळोपंतांनी लेखणी कानावरून काढून विचारले, "रावांचे गहाण काय लिहू?"

"बैल गहाण टाकून कोणी निशाणराव होत नाही, पंत," खेळोजी म्हणाला. "माझ्या वणगोजीचे नाव लिहा."

हीच त्याची चूक. कोणी त्याला भाग पाडले नव्हते. मोठेपणाच्या भरात तो बोलून गेला आणि गोतात बोललेला शब्द परत घेण्याची त्या काळी रीत नव्हती. दीपाऊला हे कळले तेव्हा ती पीठ मळत होती. त्या दिवशीच्या भाकऱ्या तिने करपवल्या.

चैत्र वद्य एकादशीला खेळोजी शीव चालला. गहाण मागे न्यावे लागते, म्हणून दीपाऊ लेकराला कडेवर घेऊन चार कोस त्याच्या मागोमाग भर उन्हात चालली. जुन्या करंजाच्या झाडापाशी तो क्षणभर थांबला, त्याने डोळे मिटले, आणि आज्याने हाताला धरून दाखवलेली वाट आठवून तो उजवीकडे वळला. तो केसभरही चुकला नाही. हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

त्या दिवसापासून रायाजीची पाच माणसे राखणदार म्हणून मोरधारवर येऊन राहिली. त्यांचा म्होरक्या सिदोजी नाईक सत्तरीच्या घरातला होता आणि त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागले होते, पण दोन्ही तर्फांत त्याचा शब्द मोडत नसत. रोज सूर्योदयाला बाळ उघड्या चौकात आणून राखणदारांना दाखवायचे, असा नेम होता. वैशाखाचे ऊन सकाळीच भाजून काढी. राखणदारांची मोजदाद, नोंद, देवाची आरती यांत दोन घटका जात आणि पोर तेवढा वेळ उघड्यावर राही. बाराव्या दिवशी त्याला ताप भरला. सिदोजीने चौकाच्या कडेला उभे राहून म्हटले, "आऊसाहेब, डोक्यावर वाळ्याच्या पाण्याची घडी ठेवावी. आमच्या घरी अशीच ठेवतात." दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः कुठून तरी वाळ्याची जुडी आणून दिली. शत्रूची वस्तू म्हणून दासी ती घ्यायला कचरली, तेव्हा दीपाऊने पुढे होऊन ती घेतली.

ताप तीन दिवस राहिला, आणि दशमीला उजाडता उजाडता उतरला.

सासू अन्साऊ पलीकडच्या खाटेवर जागी झाली, ती सुनेच्या बसण्याकडे पाहूनच. ती आली, तिने नातवाच्या छातीवर हात ठेवला, आणि तिचे तोंड उघडले. त्यातून आवाज फुटण्याआधी दीपाऊने आपला तळहात तिच्या तोंडावर घट्ट दाबून धरला. सून सासूच्या अंगाला असा हात लावील, अशी त्या घरात कोणी कल्पनाही केली नसती.

"आत्यासाहेब, आवाज नको."

"अगं, माझा वणगू गेला," म्हातारी बोटांच्या फटीतून म्हणाली.

"गेला. पण तो आज गेला असं बाहेर कळलं तर उद्या मुलूख काय म्हणेल? निशाणरावांनी खोटी शीव चालली आणि पोटचं पोर खाल्लं, असं म्हणेल. आणि स्वारी खरी चालली आहे. मी मागं होते. मी पाहिलंय."

"आणि माझ्या लेकाला काय सांगशील?"

"काही नाही. त्यांना आज बेलभंडार उचलून 'माझ्या घरी सर्व कुशल' असं म्हणायचं आहे. ठाऊक नसलं तर त्यांची शपथ खोटी व्हायची नाही. पाप लागायचं ते मला लागू दे."

अन्साऊ या घरात चाळीस वर्षांपूर्वी आली होती. निशाणाची पूजा, निशाणाचा मान, निशाणापुढे ठेवायचा पहिला घास, सारे तिनेच सुनेला शिकवले होते. आज तिला त्या निशाणाचा संताप आला. पण ती उठली आणि पेटीतून तिने जरीच्या काठाची कुंची काढली. दोघींनी मिळून लेकराला पुसले, काजळ घातले, गालावर तीट लावली आणि कुंची पुढे ओढून बांधली. तीट लावताना म्हातारीकडून ती पसरली. दीपाऊने पदराने पुसून ती पुन्हा नीट लावली.

इतक्यात दाराशी खेळोजी आला. शुभ्र मंदील, कमरेला आज्याची तलवार, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मोकळा झालेला चेहरा. "उठला का आमचा वाघ?" म्हणत त्याने हात पुढे केले.

"आत्ताच शांत झालाय," दीपाऊ म्हणाली. "रात्रभर कण्हत होता. आपण हात लावू नये."

त्याने हात लगेच मागे घेतले, आणि तो हळू बोलू लागला. "बरं, बरं. हा एकच दिवस. उद्यापासून त्याला उन्हात न्यायचं नाही, हा माझा शब्द. मामांकडे नदीकाठी राहा दोघं महिनाभर." तो टाचा उचलून, चाहूल न करता निघून गेला. दीपाऊने त्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहिले आणि तिला वाटले की आता आपण उभ्या राहू शकणार नाही. मग ती उभी राहिली.

चौकात राखणदार रांगेने उभे होते. सिदोजी काठी टेकीत पुढे आला.

"मुजरा, आऊसाहेब. बाळराजांचे दर्शन व्हावे."

ती थांबली. म्हाताऱ्याने वाकून डोळे बारीक केले. कुंचीतून लेकराचे एक पाऊल बाहेर आले होते; दोघींच्याही ते ध्यानात आले नव्हते. सिदोजीने ते पाऊल बोटांनी हलकेच धरले, लहान मुलाचे धरतात तसे. बोटे तिथेच राहिली.

"ताप उतरला वाटतं," सिदोजी म्हणाला.

"होय नाईक. उजाडताच उतरला."

"मग निजू द्यावं." त्याने पाऊल कुंचीत सारले, कड दुमडून दिली आणि मागे वळून आपल्या माणसांना सांगितले, "पाहिले. चला."

ओळखले की नाही ओळखले? डोलीत बसून गड उतरताना तिच्या मनात हाच एक प्रश्न होता. त्याचे डोळे अधू होते हे खरे. पण बोटे अधू नव्हती. गोतासमोर सर्वांसमक्ष बोलायचे म्हणून तो इथे गप्प राहिला असेल का? रायाजीचा माणूस तो, रायाजीचे मीठ खाल्लेला. तिने लेकराला पदराखाली घेऊन आपल्या अंगाशी घट्ट धरले, म्हणजे निदान अंग तरी ऊबदार लागेल.

गोतसभा शिवेवर, करंजाखाली बसली होती. मध्ये सुभेदाराची बैठक, उजवीकडे काजी, डावीकडे निळोपंत कागद पसरून, आणि भोवती दोन्ही तर्फांचे पाटील. झाडापलीकडे पाच गावांची माणसे उभी होती. त्यांनी बोचकी बांधून आणली होती. निवाडा उलटला तर घरी न परतता तसेच मुलूख सोडून जायचे, असे त्यांचे ठरले होते. टोपल्यांत कोंबड्या होत्या, एकाने जात्याची तळी डोक्यावर घेतली होती. दीपाऊ स्त्रियांच्या बाजूला सतरंजीवर बसली, तेव्हा त्यांतली एक दिवस भरत आलेली बाई वाळल्या भोपळ्यात थंड पाणी घेऊन आली.

"बाळराजांना दोन थेंब पाजा, आऊसाहेब. ऊन फार आहे."

"निजलाय गं. उठला की पाजते," दीपाऊ म्हणाली, आणि भोपळा तिने आपल्या गुडघ्याशी जपून ठेवला.

खेळोजीने स्नान केलेल्या ओल्या हातांनी बेलभंडार उचलला. "मी खेळोजी निशाणराव, वणगोजी निशाणरावांचा पणतू, कुलस्वामिनीला स्मरून सांगतो. मी चाललो ती शीव माझ्या वडिलांची. आज पंधरावा दिवस. माझ्या घरी मरण नाही, आग नाही, सर्पदंश नाही. सर्व कुशल आहे." त्याचा आवाज खणखणीत होता. पाच गावांतून एक हुंकार उठला आणि विरला. अन्साऊने मान खाली घातली. दीपाऊ अंगाई गुणगुणू लागली होती, कारण काही तरी करीत राहणे भाग होते.

निळोपंतांनी महजराच्या, म्हणजे निवाड्याच्या कागदाच्या, शेवटच्या ओळी लिहायला घेतल्या, तोच रायाजी उठला.

"सुभेदारसाहेब, एक अर्ज आहे. गहाण सोडवायचे तर ते डोळ्यांना दिसले पाहिजे. बाळ शिवेच्या धोंड्यावर उभे करून सर्व गोताला दाखवावे. मग आमची हरकत नाही."

सुभेदाराने काजीकडे पाहिले; काजीने मान डोलावली. मागणी गैर नव्हती. खेळोजी तर हसलाच. तो चार पावले चालत आपल्या बायकोसमोर आला, आणि त्याने दोन्ही हात पसरले.

"आणा इकडे. जरा रडेल, रडू द्या. शीव तर खरी होऊ द्या."

दीपाऊची अंगाई थांबली. कुशीतले पोर सकाळपासून जड होत चालले होते. आता ते तिला पेलवेना. नवऱ्याचे ते पसरलेले हात तिला दिसत होते, त्याच्या पाठीमागे जात्याची तळी डोक्यावर घेतलेला माणूस दिसत होता. तिने मान वर केली नाही. देऊ म्हटले तर सारे संपत होते, नाही म्हटले तरी संपत होते.

"थांबावे, राव."

सिदोजी नाईक काठी टेकीत सभेच्या मध्यावर आला. "पंधरा दिवस राखण कोणाची?" त्याने आपल्या धन्याला विचारले.

"तुमची, नाईक," रायाजी म्हणाला.

"मग पाहण्याचा हक्क माझा. राखणदार असता गहाणाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, ही गोताची रीत आहे. पंत, बरोबर?"

"बरोबर," निळोपंत म्हणाले.

म्हातारा दीपाऊसमोर गुडघ्यांवर बसला. त्याने पदर बाजूला केला, कुंचीत हात घातला आणि लेकराच्या कपाळावर तळवा ठेवला. एवढ्या जवळून तिला त्याच्या डोळ्यांतला पांढरा पडदा दिसला, त्यामागे काय चालले आहे ते मात्र दिसले नाही. त्याचे ओठ हलले. देवाचे नाव घेतले असेल. त्याने पदर होता तसा सारखा केला, वर आपल्या खांद्यावरचे उपरणे पांघरले, आणि उठून बेलभंडाराच्या ताटाकडे गेला. राखणदाराने बेल उचलण्याची गरज नसते. तरी त्याने उचलला.

"बाळ आईच्या कुशीत निजले आहे," तो म्हणाला. "पंधरा दिवस मी पाहिले, आज दोनदा पाहिले. ज्याला माझा शब्द पुरत नसेल त्याने तसे बोलावे." कोणी बोलले नाही. "आणखी एक सांगतो. दुष्काळात हे धोंडे उपटले तेव्हा पहारी धरणाऱ्यांत मी होतो. वीस वर्षांचा होतो, धन्याचा हुकूम होता. जुना धोंडा या करंजाच्या मुळाशीच होता. निशाणराव जिथे वळले तिथेच. ही शीव खरी आहे. हे मी आजवर पोटात ठेवले, ते आज गोताच्या पायांशी ठेवतो."

रायाजीचा चेहरा काळवंडला. तो एवढेच म्हणाला, "नाईक, माझ्या घरचे अन्न तुम्ही पन्नास वर्षे खाल्लेत."

"खाल्ले, धनी. म्हणूनच पन्नास वर्षे गप्प होतो."

पाटलांनी एकामागून एक येऊन महजरावर नांगराची निशाणी केली, सुभेदाराचा शिक्का उठला, आणि पाच गावांच्या माणसांनी बोचकी खाली ठेवली. जात्याच्या तळीवाल्याने ती उतरवली आणि तो तिच्यावरच बसून डोळे पुसू लागला. मोरधारवरची नौबत खोऱ्यात ऐकू आली. खेळोजीने निशाण स्वतःच्या हाताने करंजाखाली रोवले. त्याने वळून बायकोकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, आणि तिच्या धीराचे त्याला फार कौतुक वाटले.

पंधरावा दिवस सूर्यास्तापर्यंत धरतात; संशय उरू नये म्हणून दीपाऊने रात्रही जाऊ दिली. बाळाला पुन्हा ताप आला आहे, कोणी आत येऊ नये, असे सांगून अन्साऊ दाराशी बसून राहिली. एकादशीचा सूर्य तटावर आल्यावर दीपाऊ बाहेर आली आणि तिने नवऱ्याला सांगितले, "वणगू गेला."

"कधी?"

"आत्ता. उजाडल्यावर."

खेळोजी जमिनीवर बसला. तो लहान पोरासारखा रडला आणि रडता रडता त्याच्या तोंडून निघाले, "शीव खरी होती, म्हणून देवाने सोळाव्या दिवसापर्यंत वाट पाहिली. नाही तर कालच नेला असता." त्याला त्या दुःखात धरायला एवढाच आधार सापडला होता. दीपाऊने तो काढून घेतला नाही. लेकराला त्याने शिवेवर, करंजाच्या मुळाशीच पुरले. किल्ल्यावरच्या बायका दीपाऊला गळामिठी घालून रडल्या. ती रडली नाही. रडायची मोकळीक मिळाली तेव्हा तिचे डोळे कोरडे झाले होते. सासू तेवढी तिला ओळखून होती, पण भाद्रपदात तीही गेली.

निशाणराव ही पदवी पुढे सहा पिढ्या चालली. दीपाऊला आणखी दोन मुलगे झाले, त्यांच्या वंशाने लढाया मारल्या, काहींनी घालवल्याही. पातशाही बुडाली, सनदेला कसर लागली, निशाणाच्या चिंध्या देव्हाऱ्यात गेल्या. महजरात वणगोजीचे नाव 'गहाण, सुखरूप सुटले' असे लिहिलेले होते. वंशावळीत ते कोणी घातलेच नाही. सिदोजीची नाईकी रायाजीने दुसऱ्याच दिवशी काढून घेतली, आणि म्हातारा शिवेपलीकडच्या एका वाडीत दुसऱ्याच्या गोठ्यात राहू लागला, असे ऐकू आले. दीपाऊला त्याच्यासाठी काही पाठवावेसे फार वाटे. पण काय म्हणून पाठवायचे? आंधळ्याला फसवल्याची भरपाई म्हणून, की डोळसाने पाठीशी घातल्याचे उपकार म्हणून? ते तिला ठरवता येईना, आणि विचारायला जगात कोणी नव्हते.

त्या निवाड्याला वर्ष झाले. एकादशीला खेळोजी पाच गावांसह करंजाखाली जाऊन लेकराच्या मातीवर दूध घालणार होता. तशी तयारी किल्ल्यावर चालली होती. आदल्या दिवशी, दशमीला, दीपाऊ देवीच्या दर्शनाचे निमित्त सांगून गड उतरली. दासीला तिने ओढ्याशी थांबवले आणि करंजाकडे एकटीच चालत गेली. आजचा दिवस तिच्या एकटीचा होता.

मातीच्या उंचवट्यापाशी एक म्हातारी बसलेली होती. कपाळ मोकळे, लुगडे विटके, हातात झाकलेले मातीचे लहान भांडे. दीपाऊला पाहून ती उठली.

"मी सिदोजी नाईकांची बायको. ते फाल्गुनात गेले, आऊसाहेब."

म्हातारीने भांड्यावरचे पान काढले. आत दूध होते.

"जाताना मला म्हणाले, वैशाखातल्या दशमीला करंजाखाली दूध घाल. मी म्हटलं, अहो, लोक तर एकादशीला घालतात. तर म्हणाले, नाही, दशमीलाच. आऊसाहेब तिथं एकट्या येतील." म्हातारीने भांडे मातीपाशी ठेवले. "आणि त्यांना एवढं सांग म्हणाले, की बाळाचे पाय गार होते."

दीपाऊ त्या मातीवर आडवी पडली, दोन्ही हातांनी तिने तो उंचवटा कवटाळला, आणि वर्षभर अडून राहिलेला आवाज तिच्या गळ्याशी आला. सवयीने तिचा तळहात स्वतःच्याच तोंडावर गेला.

म्हातारीने तो हात धरून हळूच खाली घेतला.

"आता रडा," ती म्हणाली. "मी तिकडं वाटेवर उभी राहते. कोणाला येऊ द्यायची नाही."

आणि ती काठी टेकीत वाटेवर जाऊन, त्या मायलेकरांकडे पाठ करून उभी राहिली. ऊन वर येईपर्यंत ती तशीच उभी होती.